घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मोबाईल, घड्याळ, सेन्सर कसे लावायचे आणि सुरुवात कुठून करायची

गेली सहा वर्षं मी आई-बाबांपासून लांब राहून त्यांचं बघतेय. म्हणजे रोजचं ते दोघं एकमेकांचं करतातच, पण औषधं, बीपी, डॉक्टरच्या अपॉइंटमेंट, बँक, फोनच्या तक्रारी हे सगळं मी आणि भावाने वाटून घेतलंय आणि त्यातलं बरंचसं मोबाईलवरूनच चालतं. ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं विचारतं, बाबांना कुठलं घड्याळ घेऊ, आजीला कुठला फोन देऊ, घरात कॅमेरा लावू का. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

काहीही विकत घ्यायच्या आधी एक ठरवा, अलर्ट आला की उठून जाणार कोण? घड्याळाने ओळखलं की माणूस पडलाय, दाराचा सेन्सर वाजला, सगळं बरोबर झालं, पण तो मेसेज रात्री अडीचला ज्याच्या फोनवर आला तो गाढ झोपेत, फोन सायलेंटवर, आणि घर गाठायला त्याला चार तास लागणार, मग त्या सेन्सरचा उपयोग काय झाला? म्हणून आधी कागद घ्या आणि तीन नावं लिहा. पहिलं नाव दहा मिनिटांत पोचू शकेल अशा कोणाचं तरी, शेजारी असो की नातेवाईक, आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे द्या, आणि रात्री आतून कडी लावायची सवय असेल तर त्यावरही बोलून घ्या कारण कडी लावलेली असली की किल्ली असून नसल्यासारखीच. दुसरं नाव घरच्या माणसाचं, जो चोवीस तास फोन उचलेल. तिसरं, दुसऱ्याने नाही उचलला तर. आणि या तिघांच्या फोनमध्ये आई-बाबांचा नंबर असा सेट करा की डू नॉट डिस्टर्ब असलं तरी रिंग वाजेल. अँड्रॉइडमध्ये नंबर स्टार करायचा आणि डू नॉट डिस्टर्बच्या सेटिंगमध्ये स्टारवाल्यांना परवानगी द्यायची, आयफोनमध्ये त्या कॉन्टॅक्टच्या रिंगटोनमध्ये जाऊन इमर्जन्सी बायपास चालू करायचं. यात एक पैसा जात नाही आणि मला विचाराल तर या सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे.

दुसरं म्हणजे त्यांना विचारा. आम्ही बाबांसाठी घड्याळ, सेन्सर असं काय काय बघत होतो, शेवटी भावाने त्यांना सरळ विचारलं की बाबा तुम्हाला भीती कशाची वाटते, तर ते म्हणाले, "बाथरूममध्ये काही झालं आणि मी हाक मारली तर हिला ऐकू येत नाही." बस, एवढंच होतं. आईला कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं पण त्याचा बाबांच्या आंघोळीशी संबंध आम्ही लावलाच नव्हता. मग आम्ही साधी वायरलेस डोअरबेल आणली, पाण्याने खराब न होणारं बटण बाथरूमच्या भिंतीला जमिनीपासून वीतभर वर चिकटवलं, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथेच पोचतो, आणि तिचा मोठा आवाजाचा, लाइट चमकणारा भाग आई बसते तिथल्या प्लगला लावला. इंटरनेट नाही, अ‍ॅप नाही, पासवर्ड नाही. त्या दिवसापासून बाबा दार लावून निवांत आंघोळ करतात.

फोन, जो आधीच हातात आहे तो

नवा फोन घेण्याआधी आहे तोच नीट लावून बघा. अक्षरांचं सेटिंग दोन प्रकारचं असतं, फॉन्ट साइज वाढवली की फक्त अक्षरं मोठी होतात, डिस्प्ले साइज वाढवली की बटणं, आयकॉन सगळंच मोठं होतं, म्हाताऱ्या माणसाला दोन्ही लागतात. पण अगदी शेवटच्या टोकाला नेऊ नका, काही अ‍ॅपमध्ये खालचं बटण स्क्रीनच्या बाहेर जातं आणि मग ते अडकून बसतात. वॉलपेपर एका रंगाचा ठेवा, नातवंडांचा फोटो कितीही गोड असला तरी त्याच्यावर आयकॉन दिसत नाहीत, तो लॉक स्क्रीनवर लावा.

रिंगटोन हा विषय कोणी लक्षातच घेत नाही. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात, म्हणून ती किणकिण वाजणारी ट्यून आवाज फुल केला तरी त्यांना ऐकू येत नाही आणि आपण म्हणतो फोन उचलत नाहीत. खालच्या पट्टीतला, जाडसर आवाजाचा, जुन्या टेलिफोनसारखा रिंगटोन लावून बघा, फरक लगेच कळतो. सोबत व्हायब्रेशन, आणि कॉल आल्यावर कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकायचं सेटिंग पण ऑन करा, ते अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये सापडतं.

आता बोटांचं. आई फोन उचलायची तेव्हा नेहमी कट व्हायचा, नाहीतर वाजत राहायचा. मी घरी गेले तेव्हा तिच्या शेजारी बसून भावाला कॉल करायला लावला आणि फक्त बघत राहिले. व्हिडिओ कॉल आला, तिने हिरव्या गोलावर अंगठा ठेवला, दाबला, जोरात दाबला, काही झालं नाही, कारण तो दाबायचा नसून वर सरकवायचा होता. मग तिने सरकवला तर अंगठ्याची कातडी इतकी कोरडी की स्क्रीनला तो कळलाच नाही. टच स्क्रीनला बोटातून थोडासा विद्युत संपर्क लागतो, वयस्कर माणसांची बोटं कोरडी आणि घट्टे पडलेली असतात त्यामुळे खरंच स्क्रीन दाद देत नाही, त्यांची चूक नसते. ती मला म्हणाली, "मला वाटलं मी काहीतरी बिघडवलं." सहा महिने ती असं समजत होती. त्यावर उपाय तीन: स्वस्तातलं रबरी टोकाचं स्टायलस फोनला दोरीने बांधून ठेवा, हातांना क्रीम लावायची सवय लावा, आणि सेटिंगमध्ये सरकवण्याऐवजी नुसत्या टॅपने कॉल उचलायचा पर्याय शोधा, काही फोनमध्ये तो असतो. हात थरथरत असतील तर टच किती वेळ धरल्यावर मोजायचा आणि पटापट दोनदा लागलेला टच सोडून द्यायचा, अशी पण सेटिंग अ‍ॅक्सेसिबिलिटीत मिळतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी आयफोनमध्ये कॉल आपोआप उचलला जायची सोय आहे, पण ती त्यांना विचारून, समजावूनच लावा.

होम स्क्रीनवर चार-पाचच गोष्टी ठेवा. ज्यांच्याशी रोज बोलतात त्यांचे फोटोवाले शॉर्टकट, दाबलं की थेट कॉल लागेल असे, मग व्हॉट्सअ‍ॅप, कॅमेरा, टॉर्च. बाकी सगळं दुसऱ्या पानावर. आणि होम स्क्रीन लॉक करा, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तसा पर्याय असतो, नाहीतर चुकून बोट जास्त वेळ राहिलं की आयकॉन हलतो आणि दुसऱ्या दिवशी "फोन गायब झाला" म्हणून कॉल येतो, तोही शेजाऱ्यांच्या फोनवरून.

टाइप करायला त्रास होत असेल तर बोलून टाइप करायला शिकवा. गुगलच्या कीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग 2017 पासून आहे, माइक दाबायचा आणि बोलायचं, चुका होतात पण मेसेज समजतो. आणि ज्यांना ऐकायला येत नाही त्यांच्यासाठी गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब, 2019 मध्ये आलं, समोरचा बोलतो ते स्क्रीनवर मोठ्या अक्षरात उमटतं, डॉक्टरकडे गेल्यावर फोन मध्ये टेबलावर ठेवायचा. त्याने ऐकण्याच्या मशीनची गरज संपत नाही, पण डॉक्टर काय म्हणाले हे त्यांना स्वतःला वाचता येतं, दर वेळी आपल्याला विचारावं लागत नाही.

शिकवताना एकच नियम पाळा, फोन त्यांच्या हातात आणि बोट त्यांचं. आपण "दे इकडे" म्हणून पटापट करून दाखवलं की ते शिकत नाहीत, त्यांना फक्त हे कळतं की आपल्याला जमत नाही. एका आठवड्यात एकच गोष्ट. आणि वही ठेवा, त्यांच्याच शब्दांत त्यांच्याच अक्षरात लिहायला सांगा, बाबांच्या वहीत "हिरव्या टेलिफोनचं चित्र" असं लिहिलंय व्हॉट्सअ‍ॅपसाठी आणि ते एकदम बरोबर आहे. लांबून मदत करायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये 2023 पासून स्क्रीन शेअर आहे, त्यांची स्क्रीन आपल्याला दिसते आणि आपण बोलून सांगू शकतो. पण ते फक्त आपण कॉल केल्यावर आणि फक्त घरच्यांसोबत, हे शंभर वेळा सांगा, का ते खाली येतंय.

औषधं

इथे लोकांची चूक अशी होते की अलार्म लावला म्हणजे झालं असं वाटतं. अलार्म बंद करणं आणि गोळी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस कामात असतो, अलार्म वाजतो, हात पुसून तो बंद करतो, मनात म्हणतो घेतो जरा वेळाने, आणि संध्याकाळी त्यालाच आठवत नाही की घेतली का नाही, मग दुसरी पण घेतो. हे जास्त धोक्याचं.

म्हणून अलार्मला नेहमी डबीची जोड द्या. आठवड्याचे सात दिवस आणि दिवसाचे तीन किंवा चार कप्पे असलेली साधी प्लास्टिकची डबी, आठवड्यातून एकदा बसून भरायची, आणि कप्पा रिकामा दिसला म्हणजे गोळी घेतली, भरलेला दिसला म्हणजे राहिली. आठवणीवर काही सोडायचंच नाही. आमच्याकडे बाबा रात्री डबीचा एक फोटो ग्रुपवर टाकतात, एवढंच. भरायच्या आधी त्यांच्या डॉक्टरला किंवा फार्मासिस्टला विचारून घ्या कारण काही गोळ्या मूळ पाकिटातून काढून ठेवायच्या नसतात.

अलार्मचं नाव "औषध" असं ठेवू नका, "सकाळचा कप्पा, पाणी पिऊन" असं ठेवा. आणि अँड्रॉइडच्या घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये अलार्मला स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज लावता येतो हे माझ्या पुतणीने शोधून काढलं, तिने स्वतःच्या आवाजात "आजी, सकाळच्या गोळ्या घे, मी वाट बघतेय" असं रेकॉर्ड करून लावलंय. आई तो अलार्म पूर्ण ऐकते, मगच बंद करते, आणि उठून जाते. त्याआधीची ट्यून ती तीन सेकंदात बंद करायची.

फोनमध्ये एक अल्बम करा, प्रत्येक गोळीच्या पाकिटाचा फोटो, नाव आणि ताकद वाचता येईल असा, आणि सोबत एक लिस्ट, गोळी कशासाठी, किती वाजता, कुठल्या डॉक्टरने कधी दिली. दोन-तीन वेगवेगळ्या डॉक्टरांची औषधं चालू असतील तर ही लिस्ट प्रत्येकाला दाखवा आणि विचारा की यातलं काही कमी करता येईल का, एकाच प्रकारचं औषध दोन नावांनी चालू असणं हे बऱ्याच घरांत सापडतं. चॅटबॉटला विचारून डोस कमी-जास्त करू नका, शब्द समजून घ्यायला किंवा डॉक्टरला काय प्रश्न विचारायचे ते तयार करायला तो चांगला आहे, पण त्याला किडनीचा रिपोर्ट माहीत नसतो, वजन माहीत नसतं, आणि चुकीचं उत्तर पण तो तितक्याच खात्रीने देतो.

बीपी घरी मोजताना

दंडाला लावायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटावरचं नको, त्यात हात थोडा वर-खाली झाला तरी आकडा बदलतो. पट्ट्याची साइज दंडाच्या मापाची हवी, लहान पट्टा लावला तर बीपी खोटंच जास्त दिसतं आणि जाड दंडाच्या माणसाला उगाच गोळ्या वाढतात. मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाही, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, लघवीला जाऊन आलेलं, आणि मोजताना बोलायचं नाही. हे बोलायचं नाही वालं आमच्याकडे सगळ्यात अवघड गेलं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही लिहा. डॉक्टरकडे जायच्या आधीचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ असं केलं तर त्या आकड्यांवरून डॉक्टरला जे कळतं ते दवाखान्यात एकदा मोजून कळत नाही.

ब्लूटूथवालं मशीन आकडे आपोआप अ‍ॅपमध्ये पाठवतं, पण ते जोडलेलं तुटलं की म्हातारी माणसं मोजायचंच सोडतात. साधं मशीन आणि स्क्रीनचा फोटो, मला तरी हे जास्त टिकाऊ वाटलं.

आणि एक मोजमाप जे बहुतेक लोक करतच नाहीत, उभं राहून. बसून किंवा पडून मोजा, मग उभं करा, एक आणि तीन मिनिटांनी परत मोजा, आपण शेजारी उभं राहून. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने पडला तर ते डॉक्टरला लगेच सांगा, उठल्यावर चक्कर येऊन पडण्याचं हे मोठं कारण असतं आणि कधी कधी नुसत्या औषधाची वेळ किंवा मात्रा बदलून ते सुधारतं.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर नेलपॉलिश काढा, गार हात चोळून गरम करा आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघा. सावळ्या-काळ्या त्वचेवर ते खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, 2021 मध्ये तशी सूचनाच काढली होती, म्हणून दम लागतोय आणि आकडा मात्र चांगला दिसतोय असं असेल तर आकड्यावर नाही, माणसावर विश्वास ठेवा.

पडणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 65 च्या पुढच्या साधारण 28 ते 35 टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात, आणि जगात दरवर्षी 6,84,000 च्या आसपास माणसं पडण्यामुळे जातात, त्यात सगळ्यात जास्त साठीच्या पुढची. हाड मोडणं आपल्याला माहीत असतं, पण पडून तसंच तासन्‌तास जमिनीवर राहणं हा वेगळाच प्रकार आहे, शरीरातलं पाणी कमी होतं, अंग गार पडतं, दाबलेले स्नायू खराब होऊन किडनीवर ताण येतो. म्हणून इथे टेक्नॉलॉजीचं काम एकच, पडल्यापासून कोणीतरी पोचेपर्यंतचा वेळ कमी करणं.

गळ्यातलं बटण सगळ्यात जुना प्रकार. पण केंब्रिजमध्ये नव्वदीच्या पुढच्या लोकांवर झालेला एक अभ्यास 2008 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता, त्यात दिसलं की जे बराच वेळ जमिनीवर पडून राहिले त्यातल्या बहुतेकांनी अलार्म असूनही तो वापरला नाही. बटण खुंटीला टांगलेलं असतं, किंवा घातलेलं असूनही मुलांना त्रास नको म्हणून दाबत नाहीत. त्यामुळे "उगाच दाबलंस तरी चालेल, मी रागावणार नाही" हे तोंडाने सांगावं लागतं आणि एकदा चुकून दाबलं तर खरंच न रागावता दाखवावं लागतं.

स्मार्टवॉच स्वतःहून ओळखतं. अ‍ॅपल वॉचमध्ये हे 2018 च्या सिरीज 4 पासून आलं, नंतर सॅमसंग, गुगल पिक्सेल यांच्या घड्याळांतही आलं. अ‍ॅपलचं घड्याळ जोरात पडल्याचं ओळखतं, माणूस मिनिटभर हलला नाही तर आवाज करून इमर्जन्सीला फोन लावतं आणि नेमलेल्या लोकांना लोकेशन पाठवतं. सेट करताना जन्मतारीख खरी टाका, 55 च्या पुढचं वय असेल तरच हे आपोआप चालू होतं, नाहीतर हाताने ऑन करावं लागतं, घाईत कोणाचंही वय टाकून पुढे गेलात तर ते बंदच राहतं. आणि घड्याळात स्वतःचं सिम नसेल तर फोन जवळ किंवा ओळखीचं वायफाय लागतं.

त्याच्या मर्यादाही सांगते. खुर्चीवरून हळूच घसरून खाली बसणं, पलंगावरून सरकणं हे ते बऱ्याचदा ओळखत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण चार्जिंगची. लोक रात्री घड्याळ चार्जिंगला लावून झोपतात, आणि म्हातारी माणसं रात्री बाथरूमला उठतात, अंधारात, अर्धवट झोपेत, तेव्हाच पडतात, आणि घड्याळ टेबलावर. म्हणून चार्जिंगची वेळ बदला, संध्याकाळी टीव्हीसमोर बसतात तो तास-दीड तास चार्जर तिथेच खुर्चीशेजारी ठेवा आणि रात्री घड्याळ हातात. आंघोळीलाही काढू नका, पाण्यात चालणारं आहे ना ते बघून घ्या.

आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत माणूस उठला की आपोआप लागणारे छोटे दिवे, बॅटरीवर चालतात, चिकटवायचे फक्त. घड्याळाच्या आधी हे लावा, कारण घड्याळ पडल्यावर कामाला येतं.

फोनवरचं एसओएस पण लावून ठेवा. अँड्रॉइड 12 पासून पॉवर बटण पटापट पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल जातो, आयफोनमध्येही बाजूच्या बटणाचं तसं सेटिंग आहे. मात्र खिशात चुकून दाबलं जातं, ब्रिटनमध्ये 2023 मध्ये पोलिसांनी सांगितलं होतं की या फीचरमुळे चुकीचे कॉल खूप वाढलेत, त्यामुळे चुकून लागला तर कट न करता "चुकून लागला" असं सांगायचं हे त्यांना शिकवा. लॉक स्क्रीनवर दिसणारी मेडिकल माहिती आजच भरा, आयफोनमध्ये हेल्थ अ‍ॅपमध्ये मेडिकल आयडी, अँड्रॉइडमध्ये सेफ्टी आणि इमर्जन्सीमध्ये: रक्तगट, अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का, कोणाला फोन करायचा. लॉक असताना दिसेल हा पर्याय ऑन केलाय का ते तपासा.

लक्ष ठेवणं आणि पाळत ठेवणं

कॅमेऱ्याबद्दल मी स्पष्टच बोलते. बाथरूममध्ये कधीच नाही, बेडरूममध्ये त्यांनी स्वतः सांगितलं तरच, आणि कुठेही न सांगता लपवून तर नाहीच. आपलंच घर, आपलाच वेळ, आणि वर कोपऱ्यातून मुलगी बघतेय, ही भावना माणसाला आतून लहान करते. दार आणि हॉल एवढं बहुतेकांना पुरतं, आणि बंद करायचं बटण त्यांच्या हातात द्या.

त्यापेक्षा रोजच्या वापरातली वस्तू हललीये का हे बघणारे सेन्सर मला जास्त सभ्य वाटतात. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने 2001 मध्येच पाणी गरम ठेवायची इलेक्ट्रिक किटली काढली, ती वापरली की लांब राहणाऱ्या मुलांना निरोप जायचा. कॅमेरा नाही, आवाज नाही, फक्त एवढंच की आज आई उठली आणि तिने किटली वापरली. आता हेच काम दाराचा सेन्सर, हालचालीचा सेन्सर किंवा स्मार्ट प्लग (लावलेली वस्तू चालू झाली की फोनवर कळवणारा प्लग) करतो, एकच नियम लावायचा: सकाळी नऊपर्यंत फ्रिजचं दार उघडलं नाही तर मला कळव. दहा सेन्सर लावून दिवसभर नोटिफिकेशन येत राहिली की आठवड्यात आपणच ती म्यूट करतो.

विसरायचा आजार असेल आणि बाहेर निघून जायची भीती असेल तर दाराला उघडल्यावर वाजणारा सेन्सर पहिला, आणि अंगावर जीपीएस आणि सिम असलेलं घड्याळ किंवा ट्रॅकर. एअरटॅगवर, म्हणजे अ‍ॅपलच्या त्या छोट्या गोल चकतीवर, अवलंबून राहू नका, तो वस्तू शोधायला बनवलाय, आजूबाजूला दुसऱ्यांचे अ‍ॅपलचे फोन असतील तरच त्याची जागा कळते, मोकळ्या रस्त्यावर तो गप्प बसतो. शिवाय त्यात नाण्यासारखी बॅटरी असते, ती गिळली गेली तर जिवावर बेतू शकतं. एक अगदी ताजा फोटो पण फोनमध्ये ठेवा, शोधायची वेळ आली तर दहा वर्षांपूर्वीचा फोटो कामाचा नसतो.

फसवणूक

सगळ्यात आधी स्क्रीन शेअरची अ‍ॅप, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असली, फोनमध्ये आहेत का बघा आणि असतील तर काढा. ठग फोन करून घाबरवतो, मदत करतो म्हणून हे टाकायला लावतो आणि मग ओटीपी त्याला समोर दिसतो. बँक, पोलिस, हॉस्पिटल कोणीही असो, पैशाचा किंवा ओटीपीचा विषय निघाला की फोन ठेवायचा आणि वहीत लिहिलेल्या नंबरवर आपण उलट लावायचा. फोन ठेवणं म्हणजे उद्धटपणा असं त्यांच्या पिढीला वाटतं, त्यामुळे "फोन ठेवला तरी चालतं" ही परवानगी आपणच द्यायची.

आता नातवाच्या आवाजात फोन येऊ शकतो, थोड्याशा रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटर आवाज बनवतो. म्हणून घरात एक शब्द ठरवा, फक्त आपल्यालाच माहीत असलेला, आणि पैसे मागणारा कोणीही असो, तो शब्द विचारायचा. फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी कॉल सायलेंट करायचं सेटिंग आहे, ते लावण्याआधी डॉक्टर, लॅब, शेजारी, सगळ्यांचे नंबर सेव्ह करा नाहीतर कामाचे कॉल जातील. रोजच्या खर्चासाठी वेगळं खातं ठेवा, त्यात थोडेच पैसे, आणि मोबाईलला तेवढंच जोडलेलं. आणि फसवणूक झालीच तर पहिलं वाक्य "तू असं कसं केलंस" हे नको, कारण ज्याला ओरडा बसतो तो पुढच्या वेळी लपवतो, आणि या प्रकारात पहिल्या एक-दोन तासांत बँकेला कळवणं हेच हातात असतं.

पासवर्ड वहीत लिहून ठेवले तरी चालतात, ती वही कुठे आहे हे दोघांना माहीत हवं. गुगलमध्ये इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आणि अ‍ॅपलमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट आहे, माणूस गेल्यावर फोटो आणि कागदपत्रं घरच्यांना मिळावीत म्हणून, हा विषय काढायला जड जातो, पण आमच्याकडे बाबांनीच काढला आणि पंधरा मिनिटांत झालं.

शेवटचं काम, महिन्यातून एकदा चाचणी. आमचा पहिला रविवार ठरलेला आहे, सकाळी अकराला. बाबा बाथरूमचं बटण दाबतात, आई हॉलमधून "वाजलं" म्हणते. मग घड्याळ, मग दाराचा सेन्सर, बीपी मशीनच्या आणि दिव्यांच्या बॅटऱ्या, लाइट गेली तर राउटर किती वेळ चालतो ते, आणि तिन्ही नावांना एकेक मिस्ड कॉल की नंबर अजून तेच आहेत ना. गेल्या महिन्यात शेजारच्या काकांचा नंबर बदललेला निघाला. तो तिथल्या तिथे तिन्ही फोनमध्ये बदलला आणि बाबांनी वहीत जुन्यावर रेघ मारली.